विधानसभेपुढे विनंती अर्ज: कोणाला करता येतो, कागद कोणते लागतात आणि पुढे काय होतं

प्रश्नोत्तरांचा तास संपतो. मंत्री एकामागून एक उठून अहवाल आणि अधिसूचना पटलावर ठेवतात. निम्मे सदस्य लॉबीत चहाला निघालेले असतात. त्या गडबडीत एखादा सदस्य उभा राहतो आणि म्हणतो, "अध्यक्ष महोदय, मी आपल्या अनुमतीने अमुक तालुक्यातील नागरिकांचा अर्ज सभागृहास सादर करतो." एवढं म्हणून खाली बसतो. फार तर दहा सेकंद. बातम्यांत हे कधी दिसत नाही, कारण त्यात ना गदारोळ ना सभात्याग. पण सामान्य माणसाचा स्वतःचा कागद, स्वतःच्या सहीनिशी, सभागृहापुढे जातो तो याच दहा सेकंदांत. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आमदाराचा असतो, लक्षवेधी (तातडीच्या बाबीकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) आमदाराची असते. विनंती अर्ज मात्र तुमचा असतो आणि आमदार तो फक्त पोचवतो.

मी काही वर्षं एका सदस्याच्या कार्यालयात टपाल बघायचं काम केलं. अधिवेशन जवळ आलं की टेबलावर निवेदनांचा ढीग लागायचा आणि त्यातल्या बऱ्याच कागदांवर ठळक अक्षरात "विधानसभेपुढे अर्ज" असं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात ते अर्ज नसायचे, मुख्यमंत्र्यांना लिहिलेली पत्रं असायची. निवेदन आणि विनंती अर्ज यांतला हा फरक कळला की निम्मं काम झालं. निवेदन सरकारला देतात, विनंती अर्ज सभागृहाला.

कोण करू शकतो

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० मध्ये "प्रत्येक व्यक्ती" असा शब्द आहे. गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे, तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, अभिवेदन करण्याचा हक्क तो देतो. विधिमंडळापुढच्या अर्जाला मात्र सभागृहाच्या स्वतःच्या नियमांची चौकट असते. एकटा माणूस अर्ज करू शकतो, गाव करू शकतं, संस्थाही करू शकते. संस्थेचा असेल तर नुसता लेटरहेडवरचा शिक्का पुरत नाही, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता लागतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

तशी ही चाल आपल्याकडे विधिमंडळापेक्षा जुनी आहे. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी ही मंडळी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन काढून थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज धाडत होती. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक भरली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १८६२ मध्ये.

कोणत्या विषयावर चालतो, कोणत्यावर नाही

विषयाला ढोबळ तीन वाटा आहेत. सभागृहात मांडलेलं किंवा प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेलं दुसरं कामकाज, किंवा सर्वसाधारण सार्वजनिक हिताची बाब. बहुतेकांचा अर्ज तिसऱ्या वाटेने जातो.

आता कोणते अर्ज परत येतात ते बघा. न्यायालयात चालू असलेली बाब. चौकशी आयोग किंवा न्यायाधिकरणाकडे गेलेली बाब. रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग असे केंद्राचे विषय. त्यासाठी संसदेची स्वतःची अर्ज समिती आहे. आणि ज्याला कायद्यात दुसरा उपाय आहे असं गाऱ्हाणं. सातबाऱ्यावरची फेरफार नोंद चुकली असेल तर तिला महसुली अपिलाचा रस्ता आहे, विधानसभा त्यात पडणार नाही. बदली, पदोन्नती, निवृत्तिवेतन, भावकीचा बांध हेही तसंच. वैयक्तिक तक्रारीसाठी आपले सरकार पोर्टल आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे आधी जा. त्याचा आणखी एक उपयोग होतो: तिथला टोकन क्रमांक आणि आलेलं उत्तर हाताशी असलं की "आम्ही सगळे दरवाजे ठोठावले" हे पुढे अर्जात तारखांसकट लिहिता येतं.

सभा की परिषद

महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८. दोन्हीकडे स्वतंत्र विनंती अर्ज समिती असते. बहुतेक लोक सवयीने आपल्या मतदारसंघाच्या आमदाराकडे जातात आणि ते योग्यच आहे. पण परिषदेत शिक्षक, पदवीधर आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असतात, हे विसरू नये. रात्रशाळांचा किंवा विनाअनुदानित तुकड्यांचा प्रश्न शिक्षक मतदारसंघाच्या आमदाराला समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक हिशोब कोणी करत नाही. विधानसभा विसर्जित झाली की तिच्या समित्याही संपतात. परिषद कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात एवढंच. विधानसभेची मुदत सहा-आठ महिन्यांवर आली असेल तर मी स्वतः परिषदेचा रस्ता धरीन.

तुमचे आमदार मंत्री असतील तर शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा परिषदेतल्या सदस्याला गाठा. मंत्र्याने स्वतःच्याच सरकारकडे बोट दाखवायचं, हे जमणारं नसतं.

कागद कसा लिहायचा

इथेच सगळे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकदा आमच्याकडे एक जाडजूड गठ्ठा आला होता. तीन वाड्यांना पावसाळ्यात चार महिने रस्ता नसतो, ओढ्यावरचा साकव (लहान पूल) वाहून गेलेला, मुलं शाळेत जाऊ शकत नाहीत. विषय सोन्यासारखा. पण सोबत चाळीस पानांची जोडपत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, लॅमिनेट केलेले फोटो, ग्रामपंचायतीचे सहा ठराव. सह्यांसाठी वेगळे कागद केलेच नव्हते. ग्रामसभेच्या हजेरी रजिस्टरची झेरॉक्स जोडली होती. वर छापलेलं "उपस्थित सभासदांच्या सह्या", खाली शंभरेक नावं. त्या लोकांनी ग्रामसभेला आल्याची सही केली होती, अर्जावर नव्हे. गठ्ठा परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दोन पानांचा आणि अगदी नेटका होता, पण तोवर अधिवेशन संपलं होतं.

तर नियम असे. अर्ज सभागृहाला उद्देशून असतो, म्हणजे "प्रति, महाराष्ट्र विधानसभा" किंवा "महाराष्ट्र विधान परिषद". मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी यांची नावं "प्रति"मध्ये येत नाहीत. त्याखाली अर्जदार कोण, कुठले. मग वस्तुस्थिती: क्रमांक घालून छोटे परिच्छेद, प्रत्येकात एकच गोष्ट, तारखेसह. शेवटी मागणी, तीही एकच आणि नेमकी. "आमच्या भागाचा सर्वांगीण विकास व्हावा" ही मागणी नव्हे, शुभेच्छा आहे. "अमुक ओढ्यावर अमुक दोन वाड्यांना जोडणारा पूल बांधण्याबाबत शासनास शिफारस करावी" ही मागणी.

भाषा सभ्य आणि संयत हवी. हा सल्ला नव्हे, अर्ज स्वीकारण्याची अट आहे. "निर्लज्ज प्रशासन", "झोपलेलं सरकार" असे शब्द भाषणात शोभतात, अर्जात ते त्याला बुडवतात. लोकसभेच्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य तर अजूनही जुन्या इंग्रजी दरबारी थाटाचं आहे, आपले अर्जदार कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करत राहतील अशा अर्थाचं. तेवढं लवून बोलायची गरज नाही, पण सूर त्या बाजूचा असावा.

सह्यांचे कागद: अर्जाचा मजकूर ज्या पानावर आहे त्याच पानावर निदान एक सही हवी. सह्या पुढच्या पानांवर गेल्या तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणीचं वाक्य पुन्हा लिहायचं. त्यामुळे सही करणाऱ्याने काय वाचून सही केली, हे कागदच सांगतो. प्रत्येक सहीसमोर पूर्ण नाव आणि पत्ता. पहिली सही अशा माणसाची असू द्या जो गावात सापडतो, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच्याशी होतो. मुंबईला नोकरी करणाऱ्या हौशी तरुणाची पहिली सही घेतली आणि पत्र बंद घराला लागून परत आलं, असंही पाहिलंय.

जोडपत्रं जोडू नका. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं अर्जाला लावायची नसतात, हा संसदीय अर्जांचा मुरलेला नियम आहे. मग ती चाळीस पानं वाया गेली का? नाही. ती फाइल आमदारांच्या स्वीय सहायकाकडे वेगळी द्या आणि एक संच घरी ठेवा. समिती पुढे कागद मागते, तेव्हा तीच कामी येते.

शेवटी आमदाराची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे अर्जदारांच्या सह्यांखेरीज अर्ज सादर करणाऱ्या सदस्याची सही. तिच्याशिवाय त्यांच्यामार्फत अर्ज सादर होत नाही. आमदार स्वतःचाच अर्ज स्वतः सादर करू शकत नाही, तेव्हा अर्जदारांच्या यादीत प्रेमापोटी त्यांचं नाव घालू नका. आणि "विधान भवनात ओळख आहे, काम करून देतो" म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

कधी द्यायचा

राज्यात वर्षाला सहसा तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरच्या सुमारास नागपुरात. १९५३ च्या नागपूर करारात एक अधिवेशन नागपूरला घेण्याचं ठरलं होतं, त्याची ही परंपरा. अधिवेशन सुरू झाल्यावर अर्ज घेऊन आमदार निवासात धावण्यात अर्थ नसतो. तेव्हा त्यांच्या डोक्यात लक्षवेधी आणि पुरवणी मागण्या असतात. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात मतदारसंघातल्या कार्यालयात कच्चा मसुदा दाखवा. विधानमंडळ सचिवालयात त्याची छाननी होते, अध्यक्षांनी (परिषदेत सभापतींनी) दाखल करून घेतला की तो दिवसाच्या कामकाजाच्या क्रमात येतो. प्रश्नोत्तरं, कागदपत्रं सभागृहासमोर ठेवणं, मग अर्ज, मग लक्षवेधी, अशी त्याची साधारण जागा असते. त्या वेळी भाषण नाही, चर्चा नाही. कामकाज तहकूब झालं तर तो दिवस गेला, पुढच्या बैठकीची वाट पाहायची.

समितीकडे गेल्यावर

सादर झालेला अर्ज विनंती अर्ज समितीकडे जातो. या समितीचं प्रमुखपद विधानसभेत उपाध्यक्षांकडे आणि परिषदेत उपसभापतींकडे असण्याचा प्रघात आहे. सगळ्या पक्षांचे सदस्य त्यात असतात आणि अधिवेशन नसतानाही बैठका होतात, हीच तिची खरी ताकद. समिती संबंधित विभागाकडून अभिप्राय मागवते. तो समाधानकारक नसला तर विभागाच्या सचिवांची साक्ष लावते. ज्या फाइलला तालुक्याला कोणी हात लावत नव्हतं ती सचिवांच्या साक्षीची तारीख लागली की कशी पळते, हे एकदा बघण्यासारखं असतं. अर्जदारांनाही बोलावलं जाऊ शकतं, कधी समिती जागेवर पाहणीला येते. साक्षीला जायची वेळ आली तर मूळ कागद न्या, दोन माणसं पुरेत, गावजेवणाएवढी गर्दी नको.

एक सांभाळा. समितीपुढे काय बोलणं झालं ते अहवाल सभागृहाला सादर होईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नसतं. तो हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाचे विशेषाधिकार मोडल्याचा, विषय होऊ शकतो.

समितीची शिफारस म्हणजे आदेश नव्हे. पूल बांधा असं ती शासनाला सांगते, निधी तरीही अर्थसंकल्पातूनच यावा लागतो. साकवाच्या त्या अर्जावर विभागाने "सर्वेक्षण करून अंदाजपत्रक सादर करण्यात येत आहे" असं लेखी कळवलं होतं. गावकरी नाराज झाले. मला ते वाक्य मोलाचं वाटलं, कारण त्याआधी सगळी तोंडी आश्वासनं होती.

अर्ज सादर होताना पाहायचा असेल तर

प्रेक्षक गॅलरीची प्रवेशिका सदस्याच्या शिफारशीने मिळते. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, मोबाइल आत नेता येत नाही, टाळी, घोषणा, पत्रक काहीही चालत नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची मारामारी झाली आणि अध्यक्षांनी अभ्यागतांच्या प्रवेशावर कडक बंधनं जाहीर केली. म्हणून गाडी करून निघण्याआधी प्रवेशिका मिळतेय का ते कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर कामकाजाचं थेट प्रक्षेपण घरी बसून दिसतंच.

अर्ज सादर झाल्याची तारीख मात्र लिहून ठेवा. त्या दिवसाच्या छापील कार्यवाहीत तुमच्या गावाचं नाव येतं. पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा जिल्हा परिषदेला जे पत्र लिहाल, त्याच्या पहिल्याच ओळीत ती तारीख टाका.