औषधी रसायनशास्त्रातील संशोधनकार्य (सोलापूर परिसर)

कार्बनी आणि औषधी रसायनशास्त्रात काम करणाऱ्या संशोधकाच्या कामात नवी संयुगे, ती बनवण्याच्या रीती, त्यांचे वर्णपट (रेणूची रचना ओळखायचे आलेख), जैविक चाचण्यांचे निकाल, शोधनिबंध, पेटंट आणि त्याच्या हाताखाली पूर्ण झालेले पीएच.डी. प्रबंध हे सगळे येते. नेमणूक किंवा अनुदानाच्या वेळी मात्र बहुधा निबंध आणि सायटेशनच (इतरांच्या निबंधांत आलेले त्यांचे संदर्भ) मोजली जातात. त्यासाठी होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेला एच-निर्देशांक सर्रास वापरतात. तो २० असेल, तर किमान २० निबंधांना प्रत्येकी निदान २० सायटेशन मिळालेली असतात. संयुग खरोखर तेच आहे का आणि दुसऱ्याच्या हातून पुन्हा बनते का, हे या आकड्यावरून कळत नाही. औषधी रसायनशास्त्रात तर खरा प्रश्न तोच असतो.

सोलापूर विद्यापीठ (आताचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) २००४ साली स्थापन झाले. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. आपल्याकडच्या विद्यापीठांत या विषयाचा मोठा भाग विषमचक्रीय संयुगांनी (ज्यांच्या वलयात कार्बनखेरीज नायट्रोजनसारखे अणूही असतात) व्यापलेला असतो. त्याला कारण आहे. असंख्य औषधांच्या गाभ्यात नायट्रोजनयुक्त वलय असते, आणि एकाच फ्लास्कमध्ये तीन-चार घटक एकत्र आणणाऱ्या अभिक्रिया बेताच्या साधनांतही करता येतात.

पिएत्रो बिजिनेली यांनी १८९१ साली मांडलेली अभिक्रिया याचे चांगले उदाहरण आहे. बेन्झाल्डिहाइड, इथिल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया इथेनॉलमध्ये थोड्या आम्लासह रिफ्लक्स करतात, म्हणजे वाफ थंड होऊन परत येईल असे उकळत ठेवतात. अधूनमधून टीएलसी प्लेट (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे करणारी पट्टी) २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरून ॲल्डिहाइडचा ठिपका गेला का ते पाहतात. मिश्रण थंड झाल्यावर पांढरा घन पदार्थ, म्हणजे डायहायड्रोपिरिमिडिनोन कुळातले संयुग, खाली बसतो. तो गाळून इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकवला की सुमारे २०२ ते २०४ अंश सेल्सिअसला वितळतो. डीएमएसओ या द्रावकात घेतलेल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या वर्णपटात) ५.१ पीपीएमजवळ (इथे हे संकेताच्या जागेचे एकक) वलयातील एका हायड्रोजनचा संकेत दिसतो, ७.७ आणि ९.२ जवळ दोन एनएच दिसतात, तर ४.० चा क्वार्टेट (चार फाट्यांचा संकेत) आणि १.१ चा ट्रिप्लेट (तीन फाट्यांचा) मिळून इथिल एस्टर दाखवतात. निबंधातला प्रायोगिक भाग म्हणजे नेमकी ही माहिती. वाचक तो भाग सहसा ओलांडून जातात, पण चांगल्या कामाची पारख तिथेच होते. नव्या उत्प्रेरकाने यील्ड (हाती येणारे उत्पादन) ८५ वरून ९२ टक्क्यांवर नेल्याचे निबंध ढिगाने निघतात. एखादे संयुग जिवंत पेशीत काय करते हे दाखवणारा निबंध क्वचितच येतो. याच कुळातले मोनास्ट्रॉल तसे ठरले. युरियाऐवजी थायोयुरिया आणि बेन्झाल्डिहाइडऐवजी ३-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड घेऊन ते बनते. ते पेशीविभाजनात लागणाऱ्या ईजी५ या प्रथिनाला अडवते, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

सोलापूरला या विषयाची दुसरी, कारखान्यांची बाजूही लाभली आहे. चिंचोळी एमआयडीसीत बल्क ड्रग (गोळ्यांत भरायचे मूळ औषधद्रव्य) आणि रसायनांचे कारखाने आहेत. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला (जिल्हा धाराशिव) बालाजी अमाइन्सचा मिथिलअमाइनांचा प्रकल्प आहे. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन बनते ते याच अमाइनांपैकी डायमिथिलअमाइनचे हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड एकत्र तापवून. १९२२ साली वर्नर आणि बेल यांनी डब्लिनमध्ये ते प्रथम बनवले, तर रुग्णांवरील उपयोग जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मांडला. कागदावर ही एका ओळीची अभिक्रिया आहे. पण मागे उरलेल्या डायमिथिलअमाइनचे नायट्रोसीकरण झाले, तर कर्करोगकारक मानले जाणारे एनडीएमए हे संयुग तयार होऊ शकते. २०२० साली अमेरिकेत मेटफॉर्मिनच्या काही गोळ्या एनडीएमएमुळेच परत मागवल्या गेल्या. ही अशुद्धी कुठून येते, किती पीपीएमवर (दशलक्षांत किती भाग असताना) पकडता येते आणि कोणत्या टप्प्यावर काढता येते, हे शोधणे हेही अस्सल संशोधनच आहे.

असे काम नियतकालिकांत फारसे दिसत नाही, कारण ते पेटंटमध्ये जाते किंवा कंपनीतच राहते. १९७० च्या पेटंट कायद्याने (अंमल १९७२ पासून) औषधाच्या रेणूला पेटंट नाकारले आणि ते फक्त प्रक्रियेला दिले. त्यामुळे तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवण्यात आपल्या रसायनज्ञांचा हात बसला. १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही २० वर्षांचे पेटंट मिळू लागले. तरी मुदत संपलेल्या औषधांसाठी नवी, स्वस्त आणि कमी सांडपाण्याची प्रक्रिया शोधण्याचे महत्त्व टिकून आहे. चिंचोळीसारख्या वसाहतीतील आर अँड डी केमिस्टचे काम बॅच रेकॉर्ड (प्रत्येक घाण्याची नोंदवही) आणि ड्रग मास्टर फाइल (औषध-नियामकाला दिलेली उत्पादनाची तपशीलवार माहिती) यांत नोंदलेले असते. एच-निर्देशांकात त्याची गणना होत नाही. विद्यापीठांचे प्रबंध मात्र ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि छापील निबंधात न मावलेले मूळ वर्णपट पुष्कळदा त्यांच्या शेवटच्या पानांत सापडतात.