ब्रुफर्ड पुन्हा ड्रमवर : त्याआधीची चाळीस वर्षं

इंग्लिश ड्रमर बिल ब्रुफर्ड यांनी २००९ च्या १ जानेवारीला जाहीर वादनातून निवृत्ती घेतली, तेव्हा ते साठीलाही पोहोचले नव्हते. त्यानंतर दहाहून अधिक वर्षं त्यांचा ड्रम बंद होता. आता पंचाहत्तरीच्या आसपास ते गिटारवादक पीट रॉथ यांच्या त्रयीत पुन्हा वाजवू लागले आहेत. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ऐकणाऱ्यांना याचं एवढं अप्रूप का वाटतं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

जन्म १७ मे १९४९ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्सचा. शाळकरी वयात बीबीसीवर जॅझचे कार्यक्रम लागत, ते पाहून या मुलाला ड्रमचं वेड लागलं. मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, जो मोरेलो हे जॅझ ड्रमर त्याची दैवतं. रॉकच्या इतिहासात नाव कोरलेला हा माणूस मनाने कायम जॅझवालाच राहिला, आणि त्यांच्या पुढच्या बहुतेक निर्णयांचं मूळ मला इथेच दिसतं.

१९६८ मध्ये गायक जॉन अँडरसन आणि बासवादक ख्रिस स्क्वायर यांच्यासोबत 'येस' हा वाद्यवृंद उभा राहिला. पहिल्या पाच अल्बमवर ब्रुफर्ड आहेत. त्यांचा स्नेअर (ड्रमसंचातला खळखळत्या आवाजाचा मुख्य ड्रम) ओळखायला दोन ठोके पुरतात: चढा, कोरडा, कडेवरच्या आघाताने टणत्कार उठणारा. स्क्वायर यांच्या घणघणत्या बासमधूनही तो आरपार ऐकू येतो. 'फ्रॅजाइल' (१९७१) या अल्बममधलं 'हार्ट ऑफ द सनराइज' ऐकावं. ठोका जिथे अपेक्षित असतो, तिथे ते मुद्दाम जागा सोडतात आणि शेजारच्या मात्रेवर पडतात. तबला ऐकत वाढलेल्या कानाला यात परकं काही वाटत नाही. आपल्या रूपक तालाची तर समच 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, येते.

१९७२ च्या उन्हाळ्यात 'क्लोज टू द एज' ध्वनिमुद्रित झाला. रेकॉर्डच्या एका बाजूला अठरा मिनिटांहून मोठी एकच रचना, आणि पुढे अमेरिकेच्या अल्बमविक्रीच्या यादीत तिसरा क्रमांक. पण तो बाजारात येण्याआधीच ब्रुफर्ड यांनी येस सोडला आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्या 'किंग क्रिम्झन' या वाद्यवृंदात गेले. यश दारात उभं असताना निघून जायचं! हे वाद्यवृंदातल्या भांडणाने किंवा पैशासाठी झालं नाही. येससोबत जे जमण्यासारखं होतं ते जमलं, आता पुनरावृत्तीच होईल, असं त्यांना वाटत होतं. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी क्षण वाटतो.

क्रिम्झनमध्ये त्यांची गाठ पडली जेमी म्युर या तालवादकाशी. पत्रे, साखळ्या, मोडके सामान, म्युर काहीही वाजवत. काही महिन्यांतच ते सगळं सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेले. संगीत तुझ्या सेवेला नाही, तू संगीताच्या सेवेला आहेस, हा धडा म्युर यांच्याकडून मिळाल्याचं ब्रुफर्ड पुढे सांगत आले. १९७३ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमस्टरडॅमच्या मैफलीत त्याची परीक्षाच झाली. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) यांच्यात आयत्या वेळी एक शांत रचना फुलू लागली. ब्रुफर्ड स्टिक्स हातात धरून बसून राहिले आणि शेवटपर्यंत एकही ठोका दिला नाही. 'ट्रायो' नावाने ती छापली गेली तेव्हा रचनाकारांत त्यांचंही नाव घातलं गेलं. न वाजवणं हाही त्या रचनेतला वाटा आहे, हे सोबतच्या तिघांनी ओळखलं होतं.

१९७४ मध्ये 'रेड' अल्बम येण्याच्या सुमारास फ्रिप यांनी क्रिम्झन मोडलं. १९७६ मध्ये 'जेनेसिस' वाद्यवृंदाचे ड्रमर फिल कॉलिन्स गायक म्हणून पुढे आले, तेव्हा त्यांच्या दौऱ्यावर ड्रमला ब्रुफर्ड होते. मग 'यूके' हा वाद्यवृंद आणि स्वतःच्या नावाचा वाद्यवृंद. १९८१ मध्ये नव्या क्रिम्झनचा 'डिसिप्लिन' आला. फ्रिप यांनी झांजा शक्य तेवढ्या टाळायला सांगितलं होतं, कारण झांजांचा आवाज गिटारची जागा खातो. रॉक ड्रमरच्या हातून झांज काढून घेणं म्हणजे त्याची अर्धी भाषाच काढून घेणं. ब्रुफर्ड यांनी सिमन्सच्या षटकोनी इलेक्ट्रॉनिक पॅडसह नवी भाषा घडवली. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन गिटार सात मात्रांत निघतात. मग एकीच्या आवर्तनातली एक मात्रा गळते आणि दोघी एकमेकींपासून सरकत जाऊन पुन्हा समेवर भेटतात. ड्रम मात्र ढळत नाही.

१९८६ पासून 'अर्थवर्क्स' या आपल्या वाद्यवृंदातून ते उघडपणे जॅझकडे वळले. जँगो बेट्स आणि इयन बॅलमी या तरुण वादकांना सोबत घेऊन ते पॅडवरून स्वरसमूहही वाजवू लागले. मध्ये पुन्हा येसचे जुने सोबती, नव्वदच्या दशकात दोन ड्रमरांचं क्रिम्झन, आणि शेवटी निवृत्ती. मग विद्यार्थी होऊन त्यांनी २०१६ मध्ये सरे विद्यापीठातून पीएचडी मिळवली. विषय होता निष्णात ड्रमरांची सर्जनशीलता. २०१७ मध्ये येसचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. सोहळ्याला ते हजर होते, पण वाजवायला बसले नाहीत.

आता ते बसले आहेत ते छोट्या जॅझ त्रयीत, छोट्या सभागृहांत, मोजक्या श्रोत्यांसमोर.