फ्लोरिडातलं छत आणि सहा इंचांचा नियम

अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची असतात. भिंतींवर साधारण दर दोन फुटांवर लाकडी कैची, म्हणजे छताचा भार पेलणारी त्रिकोणी चौकट बसते, कैच्यांवर ८ बाय ४ फुटांचे प्लायवूडचे तक्ते ठोकले जातात आणि त्यांवर डांबरी शिंगल्स (एकावर एक चढवून लावायचे पातळ तुकडे) किंवा कौलं येतात. या मधल्या थराला शीदिंग म्हणतात. कोकणातल्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून थोडी हवा खेळते. शीदिंगचं छत सलग बंद असतं, त्यामुळे वादळात वाऱ्याची ओढ थेट तक्त्यांवर येते. तक्ता जागेवर राहतो तो खिळ्यांच्या जोरावर, म्हणून फ्लोरिडाच्या बांधकाम संहितेत खिळ्याची जात, लांबी आणि दोन खिळ्यांमधलं अंतरसुद्धा लिहिलेलं आहे. इतक्या बारकाईपर्यंत कायदा पोचला तो फार मोठी किंमत मोजून.

सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने मायामी उद्ध्वस्त केल्यावर तिथले बांधकामाचे नियम कडक होत गेले. १९५७ मध्ये मायामी ज्या डेड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, तिने ‘साउथ फ्लोरिडा बिल्डिंग कोड’ स्वीकारला. देशातल्या सर्वांत कडक संहितांमध्ये त्याची गणना व्हायची. त्या काळातल्या अनेक घरांच्या छतावर अजून लाकडी फळ्या असत आणि प्रत्येक फळी प्रत्येक वाशावर हातोडीने ठोकलेली असे. पुढे प्लायवूडचे मोठे तक्ते आले, मग लाकडाचे चपटे तुकडे दाबून केलेले ओएसबीचे स्वस्त तक्ते आले आणि हातोडीच्या जागी हवेच्या दाबावर चालणारी गन आली. काम झपाट्याने होऊ लागलं. खिळ्याऐवजी बारीक तारेचे स्टेपल मारायलाही परवानगी मिळाली. हातोडीने ठोकताना खिळा कैचीत शिरला की नुसताच आरपार गेला, हे सुताराच्या हाताला कळतं. गन चालवताना ते तितकं कळत नाही. तक्ता वरून घट्ट बसलेला दिसायचा आणि खाली कैचीच्या शेजारी स्टेपलची ओळ मोकळी लोंबायची.

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू चक्रीवादळ होमस्टेडजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १६५ मैल होता. डेड काउंटीत २५ हजारांहून अधिक घरं नष्ट झाली आणि सुमारे लाखभर घरांचं नुकसान झालं. घरं बहुधा छताच्या कडेपासून उलगडत गेली. वारा उतरत्या छतावरून जाताना वरच्या बाजूला ओढ निर्माण करतो आणि ती कोपऱ्यांत व कडांना सर्वांत जास्त असते. टोकाच्या त्रिकोणी भिंतीजवळचा तक्ता आधी सुटायचा. कैच्यांना आडवा आधार या तक्त्यांचाच असल्यामुळे तक्ते गेले की कैच्याही एकीवर एक कलंडायच्या. मग पाऊस थेट घरात.

‘मायामी हेरल्ड’ या दैनिकाने नुकसानीच्या नोंदी आणि घरांच्या बांधणीची वर्षं संगणकावर एकत्र ताडून पाहिली. जुन्या घरांपेक्षा नव्या घरांचं नुकसान जास्त झालं होतं. एके काळची कडक संहिता सैल होत गेली होती आणि तपासणीही ढिसाळ होती. या वार्तांकनाला १९९३ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. एवढ्या मोठ्या वादळात ‘निसर्गापुढे इलाज नव्हता’ म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं.

१९९४ मध्ये काउंटीने सुधारित नियम आणले. छतासाठी स्टेपल बंद झाले, ओएसबी बंद झालं. माझ्या मते यातला स्टेपलवरचा निर्णय खरा मोलाचा. सहा इंचांच्या नियमाचं, म्हणजे खिळ्यांमधल्या अंतराचं, महत्त्व साध्या हिशेबात कळतं. कैच्या दोन फुटांवर आणि तक्त्याच्या मधल्या भागात खिळे १२ इंचांवर असतील, तर एका खिळ्याच्या वाट्याला छताचं २ चौरस फूट क्षेत्र येतं. वाऱ्याची ओढ चौरस फुटाला ५० पौंड धरली तर त्या एकट्या खिळ्यावर १०० पौंड. अंतर सहा इंच केलं की तोच भार निम्मा. घराच्या एकूण खर्चात हे वाढीव खिळे जाणवतही नाहीत.

१ मार्च २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच ‘फ्लोरिडा बिल्डिंग कोड’ लागू झाला. मायामी-डेड (पूर्वीची डेड) आणि ब्रॉवर्ड या काउंट्यांसाठी अतिवेगवान वाऱ्यांचा स्वतंत्र, अधिक कडक विभाग ठेवला गेला. २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन ही चार वादळं एकाच मोसमात आली. नव्या संहितेची घरं सांगाड्याने चांगली टिकली, पण शिंगल्स उडाल्यावर तक्त्यांच्या सांध्यांतून पाणी आत शिरलं. त्यामुळे सांधे बंद करण्याचा मुद्दा पुढे आला. २००७ मध्ये जुन्या घरांकडेही लक्ष वळलं. २००२ पूर्वीच्या स्वतंत्र घराचं छत बदलताना तक्ते नव्याने खिळ्यांनी पक्के करायचे आणि पाणी अडवणारा दुसरा थर द्यायचा, असा नियम झाला. पुढे संहितेत गुळगुळीत खिळ्याची जागा रिंग शँक खिळ्याने घेतली. त्याच्या अंगावरची वळी लाकडात रुततात, म्हणून तो सहज उपसून येत नाही.

उत्तरेच्या पॅनहँडल भागाला मात्र बरीच वर्षं सवलत होती. उडत्या ढिगाऱ्यापासून खिडक्या वाचवण्याची सक्ती तिथे किनाऱ्यालगतच्या एका मैलापुरतीच होती. खिडकी फुटली की वारा आत शिरून तक्त्यांना खालूनही ढकलतो, म्हणजे ही सवलत छताच्याही मुळावर येणारी होती. ती पुढे काढली गेली, पण तोवर उभी राहिलेली घरं तशीच राहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल वादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या जोराने याच किनाऱ्यावरच्या मेक्सिको बीचवर आदळलं.

आता विमा कंपन्याही माळ्यावर चढून खिळे पाहायला लावतात. वादळरोधक बांधणीच्या राज्यमान्य तपासणी अर्जात छताच्या जोडणीचा वेगळा रकाना आहे. स्टेपल किंवा लहान खिळे असतील तर खालची श्रेणी, अडीच इंची खिळे मधल्या भागात १२ इंचांवर असतील तर त्याच्या वरची आणि सगळीकडे सहा इंचांवर असतील तर आणखी वरची. वरच्या श्रेणीला विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते. टँपा-ओरलँडोकडे जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा अर्ज खरेदीआधीच विक्रेत्याकडून मागून घ्यावा आणि त्यासोबतचे माळ्यावरचे फोटो नीट पाहावेत.