उदासीन मतदाराच्या दाराशी: महाराष्ट्रातील मतदार-संवादाची पार्श्वभूमी

मतदानाचा टक्का खाली आला की त्याचे खापर मतदाराच्या माथी फोडण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. जोडून सुट्टी टाकून सहलीला गेलेला सुशिक्षित शहरी माणूस हे त्या तक्रारीतले ठरलेले पात्र. घरोघरी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचा अनुभव मात्र थोडा वेगळा असतो. दार उघडणारा माणूस बहुधा दोन-तीन निवडणुकांत मत देऊन झालेला असतो, ज्याला मत दिले तो पक्ष बदलून गेलेला असतो आणि त्यामुळे ‘आता कशाला?’ हा त्याचा प्रश्न अनुभवातून आलेला असतो. या प्रश्नाला उत्तर देण्याचे महाराष्ट्रातले प्रयत्न गेल्या तीन दशकांत कसे बदलत गेले आणि ‘नोटा’च्या, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाच्या, निर्णयाने त्यांत कोणता पेच निर्माण केला, हे समजल्याशिवाय अलीकडच्या मतदार-जागृतीचे मोल ठरवता येत नाही.

सत्तरच्या दशकातील जयप्रकाश नारायण यांच्या संपूर्ण क्रांतीच्या आंदोलनाने लोकसमित्या आणि ‘लोकउमेदवार’ या कल्पना पुढे आणल्या होत्या. उमेदवार पक्षाने लादण्याऐवजी मतदारांनीच निवडावा, असा तो विचार होता. तो प्रत्यक्षात फारसा उतरला नाही, पण मतदारांनी निवडणुकीपुरते नव्हे तर एरवीही एकत्र बसावे, ही सवय त्या पिढीतील काही कार्यकर्त्यांनी पुढे नेली. १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, त्यानंतर ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी गावाच्या व वॉर्डाच्या निवडणुकांना नियमितपणा देण्याचे आश्वासन दिले. २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे शपथपत्रावर सांगणे भाग पडले. मुंबई-पुण्यातील नागरिकांच्या गटांना यातून हाती धरायला कागद मिळाला. एका बाजूला उमेदवारांची नावे, दुसऱ्या बाजूला खटले आणि संपत्ती, असे पत्रक घेऊन सोसायटीच्या आवारात उभे राहता येऊ लागले. या पत्रकांनी मतदाराची माहिती निश्चित वाढवली. मात्र सगळेच रकाने काळे दिसले की वाचणाऱ्याची निराशाही वाढते, ही गोष्ट त्यांच्या कर्त्यांनी फारशी लक्षात घेतली नाही.

याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात एक वेगळेच मतदान सुरू झाले होते आणि मतदार-संवादाच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. दारूचे परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गावातील किंवा वॉर्डातील २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर प्रशासनाने मतदान घ्यायचे, अशी ती तरतूद. मतपत्रिकेवर दोन चित्रे असत: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेख मोजणीत होती. झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नसे. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागत. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. मृत झालेल्या आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या बायकांची नावे यादीत राहिली असतील, तर त्याही दुकानाच्याच बाजूने मोजल्या जात.

म्हणून बाटली आडवी करायला निघालेल्या बायकांनी सभेपेक्षा यादीला अधिक वेळ दिला. गल्लीवार नावे काढायची, कोण कुठे आहे याची खूण करायची, मजुरीला जाणाऱ्या बाईला त्या दिवशी कामावर उशिरा जाता येईल का हे मुकादमाशी बोलून ठेवायचे, सुनेला सासू अडवणार असेल तर आधी सासूशी बोलायचे. ‘मत देऊन काय होणार?’ हा प्रश्न इथे कमीच आला, कारण काय होणार ते चौकातल्या दुकानाच्या शटरवर दिसणार होते. बहुमत थोडक्यात हुकल्यामुळे दुकान तसेच राहिलेली गावेही आहेत आणि बंद दुकानाच्या जागी चोरटी विक्री सुरू झाल्याच्या तक्रारीही आहेत. तरीही ज्यांना कोणी मतदार म्हणून गंभीरपणे विचारत नव्हते, त्यांना बोलण्यातून केंद्रापर्यंत आणण्याची इतकी नेटकी पद्धत शहरी मोहिमांना क्वचितच साधली.

शहरी मोहिमांचा पाया २००८-०९ मध्ये घातला गेला. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत मेणबत्त्या घेऊन हजारो लोक रस्त्यावर उतरले, ‘आता मत देणारच’ अशा घोषणा झाल्या, जाहिरातदारांनी मोहिमा काढल्या. आणि ३० एप्रिल २००९ ला दक्षिण मुंबईतील मतदान चाळीस टक्क्यांच्या आसपासच राहिले. संताप आणि मतदान यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते. पुढच्या काळात निवडणूक आयोगाने मतदार-शिक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला आणि २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस ठरला. प्रतिज्ञा, रांगोळी स्पर्धा, प्रभातफेरी, सदिच्छादूत म्हणून खेळाडू आणि कलावंत, असे त्याचे स्वरूप होत गेले. नवमतदारांची नोंदणी वाढवण्यात या कार्यक्रमाचा वाटा नाकारता येत नाही. पण त्याची भाषा कर्तव्याची होती आणि विटलेल्या माणसाला कर्तव्याची आठवण करून दिली की तो बहुधा अधिकच विटतो.

त्याच वर्षांत ई-मेलवरून एक मजकूर फिरू लागला: केंद्रावर जाऊन ‘४९-ओ’ सांगा, अशा नोंदी विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त झाल्या तर निवडणूक रद्द होते आणि ते उमेदवार पुन्हा उभे राहू शकत नाहीत. यातले पहिले वाक्य अर्धे खरे, बाकी सगळे खोटे होते. निवडणूक संचालन नियमांतील ४९-ओ या नियमानुसार नोंदवहीत, म्हणजे नमुना १७-ए मध्ये, सही केल्यानंतर मतदाराने मत द्यायचे नाही असे सांगितले, तर मतदान केंद्राध्यक्षाने तसा शेरा लिहून पुन्हा त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, एवढीच ती सोय होती. टेबलाभोवती उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असताना ‘मला यातला कोणीच नको’ असे मोठ्याने सांगावे लागे. लहान गावात हे सांगण्याचे धाडस कोण करणार?

या गुप्ततेच्या प्रश्नावर २००४ मध्ये दाखल झालेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिला आणि मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले. त्या वर्षअखेरच्या पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत ते प्रथम वापरले गेले. निकालाचा तर्क दुहेरी होता. नकार देणाऱ्यालाही गुप्ततेचा हक्क आहे, हा पहिला भाग कायद्याच्या अंगाने भक्कम आहे. नकाराची सोय झाल्याने घरी बसणारे लोक केंद्रावर येतील आणि नकाराच्या धाकाने पक्ष चांगले उमेदवार देतील, हा दुसरा भाग अपेक्षेच्या स्वरूपाचा होता आणि वाद त्याच्यावरून आहे.

कारण निकालानंतर महिनाभरातच निवडणूक आयोगाने स्पष्ट केले की नोटाला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते असतील तोच निवडून आला असे समजले जाईल. अनामत रक्कम जप्त होते की नाही हे ठरवतानाही नोटाची मते वैध मतांत धरली जात नाहीत. म्हणजे ते बटण नापसंती नोंदवते, परिणाम घडवत नाही. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याची इथे चांगलीच पंचाईत झाली. ‘कोणीच आवडत नसेल तर नोटा दाबा, पण या’ असे म्हणायची सोय झाली, आणि ‘नोटा जिंकला तर?’ या पुढच्याच प्रश्नाला ‘तर काहीच होत नाही’ असे सांगायची वेळ आली. काहींनी हे सांगायचे टाळले. ४९-ओ विषयीची जुनी अफवा आता नोटाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरते आहे, त्यामागे हे टाळणेही एक कारण आहे.

लोकसभेच्या २०१४ पासूनच्या तीनही निवडणुकांत देशभरातील नोटाचा वाटा एका टक्क्याच्या आसपास राहिला. लाटेची अपेक्षा त्यामुळे फोल ठरली. पण जिथे लढतच उरली नाही, तिथे हे बटण बोलके ठरले. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत प्रमुख प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्यावर जेमतेम ३२ टक्के मतदान झाले आणि त्यात नोटाला १२,८०६ मते मिळाली. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात मुख्य विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतला तेव्हा हा आकडा दोन लाख अठरा हजारांच्या पुढे गेला. या तिन्ही ठिकाणी निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

महाराष्ट्राने मात्र यातून वेगळी वाट काढायचा प्रयत्न केला, आणि तोच सर्वांत वादग्रस्त आहे. ग्रामपंचायतींच्या काही निकालांत नोटाने सर्व उमेदवारांना मागे टाकल्याचे दिसले होते. लांजा तालुक्यातील एका गावात एकूण ४४१ मतांपैकी २१० नोटाला पडली आणि १३० मते मिळालेला उमेदवार विजयी ठरला. पुणे जिल्ह्यातील बोरी येथे तर ८५ टक्क्यांहून अधिक मते नोटाला गेली. या पार्श्वभूमीवर राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडल्यास त्या जागेची निवडणूक रद्द करून फेरनिवडणूक घ्यावी. त्याच महिन्यात हरियाणाच्या आयोगाने आणखी पुढे जाऊन नोटापेक्षा कमी मते मिळालेल्यांना फेरनिवडणुकीत उभे राहण्यासही मनाई केली.

आक्षेप असा की कायद्यात नसलेला परिणाम आयोग केवळ आदेशाने कसा निर्माण करू शकतो? निवडून कोण आले हे कायदा ठरवतो, आणि कायदा उमेदवारांविषयी बोलतो, बटणाविषयी नाही. समर्थकांचे म्हणणे असे की स्थानिक निवडणुकांचे अधीक्षण आणि नियंत्रण घटनेनेच राज्य आयोगाकडे दिले आहे आणि कायदा जिथे गप्प आहे तिथे आयोगाला बोलता येते. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक पटते, मुख्यत्वे यासाठी की या आदेशामुळे निदान वॉर्डाच्या निवडणुकीत कार्यकर्त्याला दारात उभे राहून खरे उत्तर देता येते. पण ज्या ग्रामपंचायतींच्या निकालांतून हा प्रश्न उभा राहिला त्यांच्याऐवजी नागरी संस्थांसाठी आदेश निघावा, आणि विधानसभा-लोकसभेला तो लागूच नसावा, यामुळे मतदाराच्या मनातला गोंधळ वाढला, हेही मान्य करायला हवे. सर्व निवडणुकांसाठी असा नियम व्हावा, या मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नोटीस काढली.

नोटाच्या चर्चेत एक साधी गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे यादी. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात नियमित मतदान करणारी असंख्य माणसे केंद्रावरून परत आली, कारण त्यांची नावे वगळली गेली होती. मुंबईतही तेच झाले आणि एका निवडणूक आयुक्तांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या दिवशी परत फिरलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे ‘आम्ही मत देत नाही’ असेच सांगू लागले. पुण्यातील काही गटांनी तेव्हापासून आपले काम बदलले. निवडणुकीच्या तोंडावर घोषणा देण्याऐवजी वर्षभर इमारतीनिहाय यादी वाचायची, सहा आणि आठ नंबरचे (नव्या नोंदणीचे आणि दुरुस्तीचे) फॉर्म भरून घ्यायचे, बीएलओचा, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, पाठपुरावा करायचा. काम कंटाळवाणे आहे, फोटो काढण्याजोगे तर मुळीच नाही.

काही मतदार उदासीन म्हणून मोजले जातात, पण ते गावात नसतात. बीड, अहिल्यानगरच्या पट्ट्यातील ऊसतोड कामगारांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि विधानसभेच्या गेल्या अनेक निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच झाल्या. २० नोव्हेंबर २०२४ चे मतदान गाळप हंगाम सुरू होऊन पाच दिवस झाले असताना होते. त्यांच्याशी संवाद कोयत्याच्या फडात जाऊन केला तरी मत गावातच द्यावे लागते. परगावाहून मतदानाची सोय करणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर ठरले होते. विरोध झाला आणि विषय थांबला. दुसरीकडे मेळघाटातील काही गावांनी रस्ता, पाणी आणि वीज नाही म्हणून २०२४ च्या लोकसभेला मतदानावर बहिष्कार टाकला. त्यांना उदासीन म्हणणे चूक आहे; सामूहिक बहिष्कार ठरवायला जितकी चर्चा लागते तितकी बहुतेक प्रचारसभांतही होत नाही.

२० मे २०२४ ला मुंबईत उन्हात तासन्‌तास रांगा लागल्या आणि अनेक जण कंटाळून घरी गेले. त्याच वर्षी विधानसभेसाठी शहरांतील उंच इमारती आणि गृहसंकुलांत हजाराहून अधिक केंद्रे उघडण्यात आली. राज्याचे मतदान ६६ टक्क्यांवर गेले, ही १९९५ नंतरची सर्वाधिक टक्केवारी. कुलाब्यात तरीही ते निम्म्याच्या खालीच राहिले. संकुलांना दारात केंद्र आणि झोपडपट्टीला शाळेतली रांग, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती.

स्थानिक निवडणुका तर वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात प्रशासकांचा कारभार लांबत गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. या मधल्या काळात मतदार झालेल्या तरुणांनी नगरसेवकासाठी कधी मतच दिले नव्हते. मतदानाआधीच अनेक जागा बिनविरोध ठरल्या, तेव्हा एकट्या उमेदवारासमोरही नोटाचा पर्याय ठेवून मतदान घ्यावे, ही मागणी पुढे आली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका पदांचा लिलाव झाल्याच्या कारणावरून रद्द केल्या होत्या. त्या उदाहरणाचा आधारही या मागणीला देता येतो. सध्याच्या कायद्यानुसार एकच उमेदवार उरला की मतदान होत नाही, आणि मतदानच नसल्याने २०१८ च्या आदेशाला अशा जागी लागू होण्याची संधी मिळत नाही.