कागदाचं कासव फुगतं कसं?

मुलांना कागदाचं कासव करायला सांगा. कासवाची पाठ फुगीर असते हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ती कार्डशीटची एक चकती कापतात आणि तळहाताने दाबून तिला फुगवटा आणू पाहतात. चकती वाकते, मधोमध मोडते, कडेला चुरगळते, पण घुमट काही होत नाही. मुलं वैतागतात आणि मोठी माणसं चटकन तयार साचा पुढे करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की साचा देऊ नका. मुलांचा हात जिथे अडलाय, तिथेच भूमितीतली एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं घट्ट गुंतलेलं जाळं. तो सहज वाकतो, पण ताणला जात नाही. जोरात ओढला की जेमतेम वाढतो आणि फाटतो. जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ साली सिद्ध केलं, की न ताणता, न फाडता एखादा पृष्ठभाग कितीही वाकवला तरी त्याची अंगभूत वक्रता (म्हणजे एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन मुख्य दिशांच्या बाकांचा गुणाकार) बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य, म्हणून गुंडाळी करा नाहीतर शंकू, ती शून्यच राहते. घोड्याचं धड आणि हत्तीची सोंड त्यामुळे बिनतक्रार जमतात. कासवाची पाठ मात्र दोन्ही दिशांनी एकाच बाजूला वळते, आणि अखंड कागदाला ते जमत नाही. (जपानचे ओरिगामीकार अकिरा योशिझावा जाड कागद किंचित ओला करून प्राणी घडवत. ओलाव्याने तंतू जरा सैल होतात, हवा तसा बाक घेतात आणि वाळले की तो बाक धरून ठेवतात.)

कोरड्या कागदाला काप द्यावाच लागतो. १२ सेंमी त्रिज्येची चकती घ्या, कडेपासून केंद्रापर्यंत एक काप द्या आणि कापाच्या दोन कडा एकमेकींवर सरकवा. पाव चकती झाकली गेली की तळाची त्रिज्या ९ सेंमी उरते आणि टोक जवळजवळ ८ सेंमी वर येतं. अर्धी झाकली तर त्रिज्या ६ आणि उंची सुमारे १०.४ सेंमी. हे मुलांना पट्टी लावून मोजू द्या. सरकवताना टोक वर चढताना बघण्यात त्यांना भारी मजा येते.

पण हे झालं टोपीसारखं टोकदार. कासवासाठी कडेपासून चार-पाच काप द्या, तेही निम्म्यापर्यंतच, आणि प्रत्येकाच्या कडा थोड्या-थोड्या एकमेकींवर चढवून चिकटवा. आता सगळी वक्रता एका टोकावर न साठता प्रत्येक कापाच्या आतल्या टोकाशी वाटली जाते आणि पाठ छान घुमटते. ब्लाउजला टक्स घालणारे शिंपी हेच करतात.

पायांचं गणित वेगळं. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. मात्र दोन पट्ट्या नुसत्या एकीवर एक ठेवल्या तर त्या एकमेकींवरून घसरतात आणि ताठपणा फक्त दुप्पट होतो. आठपट हवा तर त्या पूर्ण चिकटवायला हव्यात. त्याहून सोपं म्हणजे पट्टी उभी दुमडून काटकोनात ठेवायची. घडी नेटकी यावी म्हणून आधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबून घ्या. कारखान्यात कागद बनताना बरेचसे तंतू यंत्राच्या दिशेने लांबीत झोपतात. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहिला की कुठून कमी अडतो ते कळतं; तेव्हा जी घडी पडेल, तिच्या लांबीतच तंतू झोपलेले असतात. पाय तंतूंच्या लांबीतच कापा, तो अधिक ताठ उभा राहतो आणि घडीही सरळ पडते.

जरा मोठ्या मुलांसाठी आणखी एक गंमत. खोक्याच्या एका कोपऱ्याभोवती तीन काटकोन येतात, म्हणजे २७० अंश. सपाट कागदावर ३६० असतात, तेव्हा ९० अंश कमी पडले. असे आठ कोपरे, एकूण तूट ७२० अंश. तीन बाजूंच्या पिरॅमिडला तळासकट चार कोपरे. त्याची तूट मोजली तरी ७२०! सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ देकार्तला हा नियम सापडला होता. सपाट तुकडे जोडून केलेला, सगळीकडून बंद असा कागदी हत्तीही तो पाळतो. त्याच्या कपाळाच्या कोपऱ्यांवर तूट असते, तर सोंड चेहऱ्याला मिळते तिथल्या खोलगट कोपऱ्यांवर कोनांची बेरीज ३६०च्या वर जाते आणि ती जादा एकूण तुटीतून वजा होते.

आता सोंडेचं टोक उघडं ठेवून ते पायाला पाडलेल्या भोकाशी जोडा. सोंड, धड आणि पाय यांची आरपार कडी तयार होते आणि एकूण तूट थेट शून्यावर येते. पडताळायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. खोलगट कोपरा उलगडून सपाट होत नाही, म्हणून तिथे प्रत्येक पृष्ठाचा कोन सुटा मोजून बेरीज करा.