सर्ट प्रथिन

सर्ट हे मानवी पेशीतील मेदवाहक प्रथिन आहे. आंतर्द्रव्यजालिकेत तयार झालेला सेरामाइड हा मेद ते गॉल्जी पिंडाकडे पोहोचवते आणि तिथे त्यापासून स्फिंगोमायेलिन हा पेशीपटलाचा महत्त्वाचा घटक बनतो. सर्टचे जनुक ५व्या गुणसूत्रावर आहे. प्रथिनाच्या नेहमीच्या रूपात ५९८ अमिनो आम्ले असतात. २६ अमिनो आम्लांनी लांब असे दुसरे रूपही आढळते.

सेरामाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पेशीद्रव ओलांडणे त्याला एकट्याने जमत नाही. सर्टच्या एका टोकाला असलेल्या ‘स्टार्ट’ नावाच्या भागात एक पोकळी असते. तिच्यात सेरामाइडचा एकच रेणू पाण्यापासून सुरक्षित बसतो. दुसरे टोक गॉल्जीच्या पटलावरील एक विशिष्ट फॉस्फोलिपिड ओळखते, तर मधला आखूड पट्टा जालिकेवरच्या ‘व्हॅप’ प्रथिनांना धरतो. ही दोन पटले काही ठिकाणी एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि वाहतूक मुख्यतः तिथेच होते, असे मानले जाते. तिला पुटिका, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्या, लागत नाहीत.

हा शोध लागला तो गांडुळाच्या विषामुळे. लायसेनिन हे विष पेशीच्या पृष्ठभागावरील स्फिंगोमायेलिनला चिकटून पेशी मारते. केंतारो हानादा आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी या विषातून वाचलेल्या हॅमस्टरच्या उत्परिवर्तित पेशी निवडल्या. त्यांच्यात स्फिंगोमायेलिन कमी होते. पण सेरामाइड बनत होते, त्याचे स्फिंगोमायेलिन करणारे विकरही शाबूत होते. अडले होते ते केवळ पोहोचवणे. ही उणीव भरून काढणारे प्रथिन म्हणजे सर्ट, हे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. बिघाड एकाच अमिनो आम्लाचा होता: ६७व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. विशेष म्हणजे या पेशींत सेरामाइडपासून गॉल्जीतच बनणारा ग्लुकोसिलसेरामाइड हा दुसरा मेद तयार होणे फारसे अडले नव्हते. म्हणजे सेरामाइडला गॉल्जीकडे नेणारी वाट एकच नाही.

सर्टमधील सेरिन या अमिनो आम्लाच्या एका मालिकेला फॉस्फेट गट जोडले गेले की त्याचे काम मंदावते. पेशीतील स्फिंगोमायेलिन घटले की हे गट निघतात आणि वाहतूक वाढते. या मालिकेत उत्परिवर्तन झाल्यास हा लगाम सुटतो, सर्ट अतिक्रियाशील होते. अशा व्यक्तींमध्ये बौद्धिक अक्षमता, उशिरा बोलणे आणि झटके दिसतात. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जीवाणूही आपल्या एका प्रथिनाच्या साहाय्याने यजमान पेशीतले सर्ट, तो ज्या कोशात राहतो त्याच्या पटलाकडे ओढून घेतो.