मेंढपाळाला ऑस्ट्रेलियाच्या लोकरीनं बुडवलं?

सिन्नर-येवल्याच्या माळावर हे कायम ऐकू येतं: ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झाला, तिकडची लोकर आली आणि आपली लोकर कवडीमोल झाली. हे खरं नाही.

करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि लोकरीवरचं आयातशुल्क गेलं. पण ते आधीही जेमतेम अडीच टक्के होतं. शिवाय तिकडची मेरिनो लोकर मऊ, सुटा-स्वेटरची. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर हातात घेऊन बघा: काळी, राठ, बोटांना टोचणारी. ती घोंगडीची. दोघींचं गिऱ्हाईकच वेगळं. घोंगडीची जागा गिरणीतल्या स्वस्त ब्लँकेटनं घेतली, ती या कराराच्या कितीतरी आधी.

मेंढपाळाचं घर चालतं कोकरं विकून आणि शेतात मेंढ्या बसवून. कांदा निघाला की शेतकरी वाडा, म्हणजे मेंढपाळाचा मुक्कामी कळप, बोलावतो. मेंढ्या उरलीसुरली पात खातात, रात्रभर लेंडीखत पडतं, त्याचे पैसे किंवा धान्य मिळतं. म्हणून मेंढपाळाला खरी झळ लागते ती चराई बंद झाली की. करारावर तावातावानं बोलणाऱ्यांनी चराईच्या हक्कासाठीही तेवढ्याच जोरानं बोलावं, असं मला मनापासून वाटतं. बंद झालेल्या रानाकडून वळवलेला कळप दिवसभर उपाशी चालतो आणि त्यात गाभण मेंढ्याही असतात.